पूल तुटला तेव्हा: १९७१ च्या युद्धातली हेलिकॉप्टरं आणि त्यांना पुढे नेणारा माणूस

गेल्या महिन्यात बचत गटांच्या बैठकांमध्ये आम्ही विचारलं होतं, की रेडिओवर पुढं कोणता विषय घ्यायचा. बऱ्याच जणींनी सांगितलं, "फौजेतल्या हेलिकॉप्टरबद्दल सांगा. गडचिरोलीकडं जाताना आमच्या डोक्यावरून जातात, पूर आला की येतात, पण आत बसणारा माणूस नेमकं काय करतो ते ठाऊक नाही." म्हणून आज १९७१ सालची एक खरी हकिगत सांगतो. शेवटी आपल्या कामाची माहितीही आहे. गावात हेलिकॉप्टर उतरायची वेळ आली तर आपण काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते.

आपल्या वरठीतून, म्हणजे भंडारा रोड स्टेशनातून, हावड्याला गाड्या जातात. हावडा म्हणजे कलकत्ता. त्याच्याही पुढे गेलं की बांगलादेशाची हद्द लागते. आपल्यासारखाच धानाचा मुलूख, आपल्यासारखीच भात खाणारी माणसं. फरक एवढाच, की आपल्याकडं एक वैनगंगा, तिकडं नद्यांचं जाळं. १९७१ पर्यंत हा मुलूख पाकिस्तानचा होता. त्याला पूर्व पाकिस्तान म्हणत. तिथल्या लोकांनी निवडणुकीत आपला पक्ष निवडून दिला, पण त्यांच्या हाती सत्ता आली नाही. मार्च १९७१ मध्ये तिथं लष्करानं आपल्याच लोकांवर बंदुका चालवल्या. जवळजवळ एक कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली. बायांवर जे अत्याचार झाले त्याची मोजदाद करणंही कठीण. पुढं नव्या बांगलादेशाच्या सरकारनं त्या बायांना 'वीरांगना' म्हटलं. लढाई कशासाठी होती, हे कळावं म्हणून एवढं सांगितलं.

३ डिसेंबर १९७१ ला भारत आणि पाकिस्तान यांच्यात उघड युद्ध सुरू झालं. पूर्वेकडं आपल्या फौजेला ढाक्यापर्यंत पोचायचं होतं. पण वाटेत नद्या. पूल शत्रूच्या हातात. पावसाळा संपलेला असला तरी तिकडच्या मोठ्या नद्या पायी पार होत नाहीत. वैनगंगेला पूर आला की पुलावरची वाहतूक बंद होते आणि अलीकडचे अलीकडं, पलीकडचे पलीकडं राहतात, हे आपण २०२० च्या ऑगस्ट अखेरीस पाहिलंच. मेघना नदी तर बारा महिने तशीच, आणि पलीकडं बंदुका रोखून बसलेली फौज.

त्या भागातल्या आपल्या सैन्याचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल सगत सिंग. त्यांनी ठरवलं, पुलाची वाट बघायची नाही, माणसं हवेतून न्यायची. आणि हे काम ज्यांच्या खांद्यावर पडलं ते होते हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग. आसामातल्या जोरहाट इथल्या हवाई तळाची जबाबदारी त्यांच्याकडं होती. मूळचे राजस्थानातले. १९६२ च्या चीनच्या युद्धात लडाखमध्ये आपल्या चौक्यांना विमानातून रसद टाकताना त्यांच्या विमानाला १९ ठिकाणी गोळ्या लागल्या होत्या. तरी रसद पोचवूनच ते परतले. त्यासाठी त्यांना वीरचक्र मिळालं होतं. म्हणजे गोळ्या खालून येतात तेव्हा काय वाटतं, हे त्यांना ऐकून नव्हे, सोसून माहीत होतं.

आता हेलिकॉप्टर कसलं होतं ते बघू. नाव एमआय-४. रशियात बनलेलं. आजच्या हेलिकॉप्टरपुढं ते जुन्या ट्रॅक्टरसारखं. पेट्रोलवर चालणारं इंजिन नाकाडात, त्याच्यावरच्या खोलीत वैमानिक, आणि मागच्या पोटात माणसं. मागचं दार दोन फळ्यांसारखं उघडायचं, त्यातून सामान चढवायचं. एका वेळी बारा ते सोळा जवान बसावेत असं त्याचं माप.

हेलिकॉप्टर वर कसं जातं? त्याच्या डोक्यावरचा मोठा पंखा हवा खाली ढकलतो आणि त्या जोरावर ते उचललं जातं. पण मोठा पंखा एका बाजूला फिरला की खालचं धूड उलट्या बाजूला गरगरायला बघतं. ते थांबवायला शेपटीला छोटा पंखा असतो. शेपटीचा पंखा गेला तर हेलिकॉप्टर हाताबाहेर जातं. विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरला एखादी मोकळी बांधी पुरते. हाच त्याचा गुण. पण ह्याच गुणात धोकाही आहे. उतरताना त्याला वेग कमी करावा लागतो, जमिनीशी येताना जवळजवळ थांबावं लागतं. त्या वेळी ते मोठं, संथ आणि कर्कश आवाजाचं निशाण असतं. कोसभरावरून ऐकू येतं, लपता येत नाही. एमआय-४ चा पत्रा साधी बंदुकीची गोळीही अडवू शकत नव्हता. रात्री अंधारात बघायचे चष्मे तेव्हा आपल्या वैमानिकांकडं नव्हते. अशा यंत्रात बसून, गोळीबार चालू असलेल्या जागी, अंधारात माणसं उतरवायची होती.

पहिली मोठी मोहीम ७ डिसेंबरला सिलहट शहराजवळ झाली. आणि इथं आपल्या मराठी मुलखाचा माणूस येतो. उतरायचं होतं गुरखा जवानांच्या ४/५ गुरखा रायफल्स या पलटणीला. तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर. ही पलटण त्याआधीच दोन-तीन अवघड लढाया लढून थकली होती. कितीतरी जवान जखमी झाले होते, काही गेले होते. विसावा मिळायच्या आधीच हुकूम आला की हेलिकॉप्टरनं सिलहटला जायचं. तोपर्यंत भारतीय सैन्याच्या कुठल्याच पलटणीनं युद्धात अशी हेलिकॉप्टरमधून उडी घेतली नव्हती. जवानांना त्याचं शिक्षण द्यायलाही वेळ नव्हता.

खबर अशी होती की शत्रूची फौज सिलहट सोडून ढाक्याकडं निघाली आहे, शहर जवळजवळ मोकळं आहे. ती खबर चुकीची निघाली. फौज तिथंच होती. पहिली हेलिकॉप्टरं कुलाउऱ्याहून दुपारनंतर निघाली आणि सुरमा नदीच्या काठच्या मोकळ्या जागेत जवान उतरू लागले, तशी त्यांच्यावर चारही बाजूंनी गोळीबार सुरू झाला.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबून विचार करू. पहिली फेरी करताना वैमानिकाला वाटत होतं, जागा मोकळी असेल. दुसरी फेरी करताना त्याला पक्कं माहीत होतं की खाली गोळीबार आहे. हेलिकॉप्टरच्या पत्र्याला भोकं पडलेली त्यानं स्वतः पाहिली होती. तेव्हा न जाण्याची सबब सहज मिळाली असती. अंधार पडला, जागा नीट दिसत नाही, यंत्राला गोळी लागली, खबर खोटी निघाली. यातली एकही सबब खोटी नव्हती. पण पलीकडं थोडेसे जवान उतरलेले होते. मागून माणसं आणि दारूगोळा आला नाही तर ते संपले असते. पहिल्या फेरीला धाडस लागतं. दुसऱ्या फेरीला त्याहून जास्त लागतं, कारण आता भीतीचं कारण डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

चंदन सिंग यांचं मोठेपण इथं दिसतं. ग्रुप कॅप्टन म्हणजे वरचा अधिकारी. तळावर बसून नकाशावर बोट ठेवून त्यांनी हुकूम दिले असते तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण प्रत्येक मोहिमेच्या आधी ते स्वतः उडून उतरायची जागा बघून येत. ७ आणि ८ डिसेंबरच्या मधल्या रात्री ते शत्रूच्या हद्दीत खोलवर पुन्हा पुन्हा गेले. आपल्या वैमानिकांना वाट दाखवली, धीर दिला, काम कुठवर आलं ते पाहिलं. त्यांच्या हेलिकॉप्टरला खालून गोळ्या लागल्या, तरी ते पुढच्या फेरीला निघाले. रात्री आकाशात आपल्यासोबत आपला साहेबही आहे, हे कळलं की तरुण वैमानिकाच्या हाताचा कंप कमी होतो. हुकमापेक्षा सोबत जास्त काम करते, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट रेडिओच्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखी. सिलहटला उतरलेले गुरखे पाचशेच्याही आत होते. पण बीबीसीच्या बातमीत गेलं की गुरख्यांचं आख्खं ब्रिगेड उतरलं आहे. ब्रिगेड म्हणजे तीन-चार पलटणी, काही हजार माणसं. ती बातमी दोन्ही बाजूंनी ऐकली. आपल्या पलटणीनं मग लांब लांब अंतरावर पसरून मोर्चे धरले, जणू खरोखरच हजारो आहेत. शत्रूची संख्या कितीतरी जास्त होती, पण त्यानं जोराचा हल्ला करून त्यांना उखडलं नाही. दोन दिवसांत मदत येईल असं सांगितलं होतं, ती यायला आठवडा उलटला. अन्न संपत आलं, पाणी तळ्यांचं, थंडीचे दिवस. हेलिकॉप्टरं जमेल तशी दारूगोळा पोचवत आणि जखमींना घेऊन जात. अखेर सिलहटच्या हजारो सैनिकांनी शरणागती पत्करली. हरोलीकरांना त्या युद्धातल्या कामगिरीसाठी महावीरचक्र मिळालं.

त्याच पलटणीत मेजर इयान कार्डोझो होते. सुरुंगावर पाय पडून त्यांचा पाय चिंधड्या झाला. वेळेवर औषध नाही, डॉक्टरकडं साधन नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या खुकरीनं तो पाय कापला. पुढं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या एका पाकिस्तानी डॉक्टरनं. ते बरे झाले, लाकडी पायानं परीक्षा देऊन पुन्हा फौजेत राहिले आणि मेजर जनरल झाले. शूरपणाच्या गोष्टीत शत्रूच्या बाजूचा चांगला माणूसही असतो, तो गाळू नये, म्हणून हे सांगितलं.

आता मेघना नदीकडं येऊ. आपलं सैन्य आशुगंजला नदीच्या काठावर पोचलं, तेव्हा पलीकडच्या भैरब बाजारला जोडणारा रेल्वेचा मोठा पूल होता. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्यानं तो उडवून दिला. त्यांना वाटलं, आता भारतीय सैन्य इथंच अडकलं. भैरब बाजारला ते बंदुका रोखून बसले.

चंदन सिंग आणि सगत सिंग यांनी नदीवरून आधीच फिरून जागा हेरली होती. पूल जिथं होता तिथं जायचंच नाही. तिथून खाली दक्षिणेला, रायपुऱ्याजवळ माणसं उतरवायची. ९ डिसेंबरला ब्राह्मणबाडियाच्या बाजूनं हेलिकॉप्टरं उठू लागली. सगळी मिळून डझन-दीड डझन. ती जात, जवान उतरवत, परत येत, पेट्रोल भरत, पुन्हा जात. दिवस मावळला तरी थांबली नाहीत. पलीकडं आधी उतरलेले जवान टॉर्चच्या उजेडानं खुणा करत, त्या बघून वैमानिक उतरत. घाई एवढी की मापापेक्षा जास्त माणसं कोंबून नेली.

थोडा हिशोब करू, बचत गटात करतो तसा. या मोहिमांत मिळून सुमारे ३,००० जवान आणि ४० टन सामान हवेतून नेलं गेलं. त्यात तोफाही होत्या. ४० टन म्हणजे ४०० क्विंटल. पन्नास किलोच्या पोत्यांत मोजलं तर ८०० पोती. एका फेरीत पंधरा माणसं धरली, तर नुसत्या माणसांसाठीच दोनशे फेऱ्या होतात. मूठभर जुनी यंत्रं, थोडे वैमानिक, आणि रात्रीची झोप नाही. खाली यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञही तसेच रात्रभर जागे. गोळीनं पडलेलं भोक बुजवायचं, तेल बघायचं, इंजिन तपासायचं आणि पुन्हा उडायला सोडायचं. त्यांची नावं कुठं छापून आली नाहीत, पण त्यांच्या हाताशिवाय एकही फेरी झाली नसती.

आणि नदीकाठची बंगाली माणसं? त्यांनीही हात लावला. गावकऱ्यांनी आपल्या होड्या दिल्या. फौजेचे काही रणगाडे पाण्यावर तरंगणारे होते, पण एवढी रुंद नदी पार करताना त्यांची इंजिनं तापून बंद पडू लागली. तेव्हा त्यांना होड्यांना बांधून ओढून नेलं. मुक्तिवाहिनीच्या पोरांनी वाटा दाखवल्या. पलीकडं उतरलेली फौज मग नरसिंगडीच्या वाटेनं ढाक्याकडं निघाली. भैरब बाजारला पुलावर डोळे लावून बसलेली शत्रूची तुकडी तशीच बसून राहिली. तिच्याशी लढायची गरजच उरली नाही. किती जीव वाचले, दोन्ही बाजूंचे, ते बघा.

त्याच दिवसांत उत्तरेकडून आपली मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात, ढाक्याच्या दिशेनं चालत आली. टांगाईलजवळ छत्रीनं उतरलेल्या सैनिकांना ती पुंगली पुलापाशी जाऊन मिळाली. चारी बाजूंनी वेढा पडला. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागतीच्या कागदावर सही केली. ९३,००० युद्धकैदी झाले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. चंदन सिंग यांना महावीरचक्र मिळालं. शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी परमवीरचक्रानंतरचा हा सर्वात मोठा सन्मान आहे. पुढं ते एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाले.

पुष्कळ जणी विचारतात, यात बाया कुठं आहेत? १९७१ मध्ये हवाई दलात मुलींना वैमानिक होता येत नव्हतं. ती वाट १९९० नंतरच्या वर्षांत उघडली. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघी चीता नावाचं छोटं हेलिकॉप्टर घेऊन डोंगरांत गेल्या. जखमींना उचलून आणणं आणि रसद पोचवणं हे त्यांचं काम होतं. त्याच कारगिलमध्ये आपलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर तोलोलिंगच्या बाजूला पाडलं गेलं आणि आतले चौघेही शहीद झाले. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा २८ नोव्हेंबरला सकाळी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं नरिमन हाऊसच्या गच्चीवर दोरानं कमांडो उतरवले, ते आपण टीव्हीवर पाहिलं होतं. आत अतिरेकी बसलेले असताना इमारतीवर स्थिर उभं राहणं म्हणजे काय, हे आता आपल्याला थोडं उमजेल. आपल्या मुलींना हे काम करायचं असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय हवेत. आता राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही, म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएत, मुलींना प्रवेश मिळतो. दहावीनंतर विषय निवडतानाच हे डोक्यात ठेवा.

आता आपल्या कामाची माहिती. पुरात किंवा एखाद्या गंभीर रुग्णासाठी गावात हेलिकॉप्टर यायचं ठरलं, तर या गोष्टी गटात सगळ्यांना सांगून ठेवा.

एक. जागा मोकळी, सपाट आणि कडक हवी. जवळून विजेच्या तारा जात असतील तर तलाठी किंवा पोलिसांना आधीच सांगा. वरून तारा दिसत नाहीत.

दोन. त्या जागेवरची तणस, प्लॅस्टिक, टिनाचे पत्रे, ताडपत्री, वाळत घातलेले कपडे उचला. पंख्याच्या वाऱ्यानं ते उडून माणसांना लागतात किंवा पंख्यात जातात.

तीन. लेकरं आणि गुरं लांब ठेवा. उतरायच्या जागेपासून निदान पन्नास मीटर मागं राहा. धूळ उडाली की खाली बसा आणि डोळे झाका.

चार. पदर, ओढणी, दुपट्टा घट्ट खोचा. डोक्यावरची टोपी काढा. छत्री, काठी, बांबू वर धरू नका.

पाच. आतल्या माणसानं हातानं बोलावल्याशिवाय पुढं जाऊ नका. जायचं तर समोरून किंवा समोरच्या बाजूनं, वैमानिकाला दिसेल असं, वाकून. शेपटीकडं कधीही जाऊ नका. शेपटीचा पंखा इतका जोरात फिरतो की तो डोळ्याला दिसत नाही. जमीन उताराची असेल तर वरच्या अंगानं जाऊ नका, तिथं मोठा पंखा डोक्याच्या जवळ येतो.

सहा. आधी आजारी, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि लहान लेकरं. कोण आधी चढणार याची यादी आधीच करून ठेवली तर गर्दी आणि रेटारेटी होत नाही. हे काम बचत गटाइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकत नाही, कारण कुठल्या घरात कोण आजारी आहे ते आपल्यालाच माहीत असतं.

मैत्रिणींनो, मेघनेवर टॉर्च धरून उभे असलेले जवान वैमानिकाइतकेच गरजेचे होते. खाली जागा नीट असेल, माणसं शिस्तीत असतील, तर वरच्या माणसाचं अर्धं काम सोपं होतं. पुढच्या बैठकीत ही सहा कलमं वाचून दाखवा आणि आपल्या गावात मोकळी जागा कुठली, ते सगळ्या मिळून ठरवून ठेवा. तुमच्या गावात, तुमच्या घरात फौजेत गेलेलं कोणी असेल, १९७१ चं काही आठवणारे आजोबा किंवा आजी असतील, तर त्यांना आमच्याकडं घेऊन या. त्यांच्या तोंडून ऐकायला आम्हाला आवडेल. पुढच्या वेळी धान साठवणुकीबद्दल बोलू.